अक्काची दहा बोटं

दोन्ही हात उताणे करून अक्का माझ्या काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, “पाह प्पा तंबी, मी अहें कीं नाहीं? बेगीन सांग, मला जायचें अहे.”

वेस्ट मांबलममधल्या आमच्या बँकेत नोव्हेंबर हा जिवंत असण्याचा महिना. सगळ्या पेन्शनरांनी यायचं, आपण अजून हयात आहोत हे सिद्ध करायचं आणि मग वर्षभर निवांत राहायचं, असा नियम आहे. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्या, आणि बाकांवर चाळीस-पन्नास वयस्क मंडळी एकमेकांकडे ‘हाही आला वाटतं’ अशा नजरेने बघत बसलेली. तुम्ही कधी आई-वडिलांना घेऊन अशा रांगेत बसला असाल तर ती नजर तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या टेबलावर अंगठ्याचं मशीन असतं. अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला की माणूस जिवंत. लाल लागला तर अंगठा पुसून पुन्हा टेकवायचा.

अक्का पहिल्यांदा आली तेव्हा मला चेन्नईत बदली होऊन जेमतेम चार महिने झाले होते. साठीची बाई, अंगावर सुती साडी, पाठीवर कॉलेजच्या पोरांकडे असते तसली भली मोठी सॅक आणि उन्हाने रापलेला चेहरा. तिने उजवा अंगठा टेकवला. लाल. डावा टेकवला. लाल. मग एकेक करत दहाही बोटं झाली आणि दहाही वेळा मशीन नाही म्हणालं. आमचा सिक्युरिटी गार्ड मजा बघायला दारातून आत आला. मी वैतागून पुटपुटलो, “आयला या डबड्याच्या!”

बाई एकदम पुढे वाकली. “मराठे कीं तुम्ही?”

मी जालन्याचा. चेन्नईत माझ्या शिवीला कोणी मराठीतून उत्तर देईल असं मला वाटलं नव्हतं. ही तंजावरची मराठी मंडळी. शेकडो वर्षांपूर्वी इकडे आली, पोटापाण्यासाठी तंजावरहून चेन्नईला सरकली आणि आपली मराठी घरात जपत राहिली. अक्काचं बोलणं ऐकलं की पोथीतल्या एखाद्या बाईने सांबार-भात खाऊन गप्पा माराव्यात तसं वाटायचं. मी तिचा ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, आणि ‘सगळे’ म्हणायला तिचा शब्द ‘अस्के’. माझ्या मराठीबद्दल तिचं मत होतं की ती रेडिओवरच्या बातम्यांसारखी आहे, ऐकायला बरी पण पोट भरत नाही.

“चौतीस वर्षें मीं सरकारचे कागद सांभाळले,” ती म्हणाली. “सरकारने मला ओळखलें नाहीं. आतां हें डबडें ओळखणार?”

मी तिची बोटं हातात घेऊन पाहिली. टोकांवर एकही रेघ नव्हती. जुना पोळपाट वापरून गुळगुळीत होतो तशी झाली होती ती. रेघा कुठे गेल्या असं विचारल्यावर तिने यादीच सांगितली. “थोड्या विळ्याला लागल्या, थोड्या दोराला, उरल्या त्या काजूने खाल्ल्या.”

यंत्र ऐकत नसेल तर आमच्याकडे कागदाचा फॉर्म असतो. अधिकाऱ्याने माणूस डोळ्यांनी बघायचा आणि ‘माझ्यासमोर हजर, हयात’ असं लिहून सही करायची. मी सही केली. अक्काने ती नीट तपासली, शिक्का तिरका आहे म्हणून नाक मुरडलं आणि म्हणाली, “सेरी. नोंद घे.”

‘नोंद घे’ हे तिचं पालुपद. एका सरकारी कचेरीच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये तिची नोकरी झाली होती, तिथून ते जिभेला चिकटलेलं. कोणाचं लग्न ठरो, कोणाचं मोडो, बस चुको, अक्का म्हणणार, “नोंद घे.”

तिचं घर आमच्याच गल्लीत, तीन इमारती सोडून. एक खोली, एक स्वयंपाकघर. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, असं माझ्या बायकोने विचारलं तेव्हा, “फाइल पुढे सरकली नाहीं,” एवढंच उत्तर मिळालं. घर मात्र वर्षातले आठ-नऊ महिने बंद असायचं, कारण अक्का किनाऱ्याने हिंडत असायची.

म्हणजे तीर्थयात्रेला वगैरे नाही. देवळं वाटेत लागायची, पण ती त्यांच्या ओसरीवर झोपण्यापुरती. पोंगल झाला की ती कावेरीच्या मुखाकडे भातकापणीला जायची. हल्ली कापणी यंत्राने होते, पण शेतात पाणी साचून पीक आडवं पडलं की यंत्र चिखलात रुततं आणि तिथे विळा घेऊन माणूसच लागतो. असली शेतं अक्काला कशी कळायची कोण जाणे. तिथून वर कडलूरच्या बाजूला काजूच्या बागांत. काजू वेचायचे, टरफलं फोडायची. त्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. मग किनाऱ्याकिनाऱ्याने, थोडं पायी, थोडं बसने, कोणी घेतलं तर होडीतून, चेन्नईजवळच्या कोवलमपर्यंत. जूनपासून तिथे एका कोळ्याच्या होडीवर शीड आणि दोर सांभाळायचे. ऑक्टोबरात पाऊस धरला की वेस्ट मांबलमला परत, कपडे वाळवायचे आणि नोव्हेंबरात माझ्यासमोर येऊन जिवंत व्हायचं.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने तिला चाकांची बॅग दिली होती. दुसऱ्याच दिवशी तिने ती टी. नगरच्या एका दुकानात देऊन बदल्यात पाठीवरची सॅक घेतली. “चाकें वाळूंत फिरत नाहींत,” हे कारण. कोवलमला लाटांवर फळ्या घेऊन खेळायला येणारी पोरं तिच्याभोवती जमायची. एका गोऱ्या मुलाने तिला विचारलं म्हणे, की तुमची ट्रिप किती दिवसांची? अक्काने सांगितलं, पेन्शन बंद होईपर्यंत.

मीही एकदा गंभीरपणे विचारलं होतं. आयुष्यभर खुर्चीत बसलेली बाई, ना शेत ना समुद्र, आणि साठीला हे काय काढलंत? “त्या तळघराला खिडकी नव्हती, तंबी,” ती म्हणाली. मग लगेच, “तुझ्या काउंटरला तरी कुठें अहे?”

कोवलमचा तो म्हातारा कोळी म्हणजे अक्काचा ‘अण्णा’. त्याच्या मुलांची इंजिनवाली फायबरची होडी होती. त्याचं स्वतःचं मात्र लाकडी ओंडके बांधून केलेलं जुनं कट्टुमरम होतं, आणि ते तो शिडावर चालवायचा, म्हणून मुलं त्याला हसायची. अक्का पहिल्यांदा त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने हात जोडले. आमच्यात बाई होडीवर चढत नाही, दर्या रुसतो.

“मी बाई नव्हे,” अक्का म्हणाली. “पेन्शनर.” आणि पिशवीतून पेन्शनचं पुस्तक काढून तिने त्याच्या हातात दिलं.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, पण पुस्तकावर सरकारी सिंह होते. त्याने ते दोनदा उलटसुलट केलं. दर्याच्या नियमांत पेन्शनरबद्दल काहीच सांगितलेलं नसल्यामुळे त्याचा नाइलाज झाला. तरी चार दिवस त्याने तिला वाळूवरच बसवून ठेवलं. त्या चार दिवसांत अक्काने त्याचं फाटलेलं शीड पाहिलं आणि दुसरं शिवून दिलं.

कापड कुठलं? तर फ्लेक्सचं. आमच्याकडे कोणाच्या घरी काही झालं की रस्त्यावर खोलीएवढा फ्लेक्स लागतो, हे चेन्नईत राहिलेल्यांना सांगायला नको. एका बाळाचे कान टोचल्याच्या समारंभाचा फ्लेक्स अक्काला मिळाला. रेकॉर्ड रूममध्ये फायली शिवायचं दाभण तिने निवृत्तीनंतरही जपून ठेवलं होतं. सरकारी फायलीला घालतात तो दुहेरी टाका घालून तिने पट्ट्या जोडल्या आणि सवयीप्रमाणे प्रत्येक पट्टीला कोपऱ्यात पान क्रमांक घातला. ते शीड कधी उसवलं नाही. सरकारी फाइलही उसवत नाही, त्यातलं काम होत नाही ही गोष्ट वेगळी.

शीड वाऱ्याने फुगलं की दहा फुटांचं एक रडकं बाळ, कानात डूल घालून, समुद्रावरून चाललेलं दिसायचं. किनाऱ्यावरच्या कोळणी लांबूनच ओळखायच्या. “बाळ आलं,” म्हणायच्या आणि टोपल्या उचलायच्या.

त्या बाळाखाली मीही एकदा बसलो आहे. जालन्याचा माणूस मी. आमचं पाणी टँकरने यायचं आणि लाटा आल्या तर त्या रांगेत. अक्काने मला धरून नेलं आणि ‘बँकेचे मॅनेजर’ अशी खोटी ओळख करून दिली. पहिल्या दहा मिनिटांत मी सगळ्या देवांना नवस बोलून घेतले आणि पुढच्या पाच मिनिटांत सकाळची इडली समुद्राला दिली. अण्णा तोंड फिरवून हसत होता. अक्का दोर दोन्ही मुठींत धरून, पाय ओंडक्याला रोवून उभी होती. साडीचा काचा मारलेला, केस तोंडावर. “नोंद घे, तंबी,” ती ओरडली. “बँकेने आज पहिल्यांदा कांहीं परत दिलें!”

त्या दिवशी तिला पाहिल्यावर मला कळलं की दर नोव्हेंबरला मी ज्यावर सही करतो ते नेमकं काय आहे.

अशा चार सह्या झाल्या. मग एका जुलैत आमच्या वरच्या ऑफिसातून तपासणी करणारे साहेब आले. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा चाळला. हीच एक बाई दरवर्षी कागदावर कशी, सही दरवर्षी तुमचीच कशी, आणि तुम्ही दोघं एकाच गल्लीत कसे? “ही बाई खरंच आहे ना हो?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यांना विनोद आवडला नाही. यंदापासून अंगठाच लागेल, अंगठा उमटला नाही तर पेन्शन थांबेल, असं सांगून ते गेले.

मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या पोरग्याला मी विचारलं. तो म्हणाला, रेघा मरत नाहीत सार, झिजतात. तीन-चार महिने हाताला काम देऊ नका, रोज तेल लावा, परत येतात.

मी कोवलमला गेलो आणि अक्काला हे सांगितलं. होडीचा ऐन मोसम होता. तिने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाली, “म्हणजे, जिवंत अहें म्हणून सांगायला चार महिने गप्प बसायचें?” मी म्हटलं, अक्का, पेन्शनशिवाय म्हातारपण कसं काढाल? पडलात, झडलात तर? माझं चुकलं असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही. ती सॅक उचलून माझ्याबरोबर बसने परत आली.

आणि खरंच बसली. सकाळ-संध्याकाळ हाताला खोबरेल चोळायची. कपडे पिळायला बाई ठेवली. डबा उघडायचा झाला तरी शेजारच्यांना हाक मारायची. माझी बायको खूश झाली, “बघा, कशा माणसांत आल्या!” दुपारी दोघी मिळून टीव्हीवरच्या मालिका बघायच्या. संध्याकाळी मी बँकेतून येताना अक्का दारात खुर्ची टाकून, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसलेली असायची. “जेवण झालें कीं?” असं विचारायची. संध्याकाळी सहा वाजता. गल्लीतल्या सगळ्या बायका हेच विचारतात, पण अक्काने ते कधी विचारलं नव्हतं. ‘नोंद घे’ कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी तिच्या बोटांकडे बघायचो. रेघा हळूहळू येत होत्या, आणि मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी तिने अंगठा टेकवला. हिरवा दिवा. गार्डने टाळ्या वाजवल्या, बाकावरच्या मंडळींनीही वाजवल्या. अक्का अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.

“हें त्या तळघरांतल्या बाईचें बोट अहे,” ती म्हणाली. “हें किती दिवस चालेल?”

“एक वर्ष.”

“पुरे. आतां एक वर्ष मला कांहीं सांगूं नको.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण मान खाली घालून मी पुढच्या पेन्शनरचं नाव पुकारलं. पोंगल होताच अण्णाने आपलं कट्टुमरम पाण्यात लोटलं आणि उत्तरेकडच्या वाऱ्यावर ते बाळ दक्षिणेला, कापणीच्या दिशेने निघून गेलं. मी निरोप द्यायला गेलो होतो. तिने वळून पाहिलं नाही, दोर धरायचा होता.

पुढच्या नोव्हेंबरात अक्का आली नाही. महिनाअखेरीला एक पाकीट आलं. आत एक कागद, त्यावर स्टँप पॅडच्या जांभळ्या शाईत दहा बोटांचे ठसे. ठसे कसले, दहा गोल डाग. एकातही रेघ नाही. खाली दोन ओळी तमिळ अक्षरांत. मला तमिळ बोलायला जेमतेम येतं, वाचायला येत नाही, म्हणून गार्डला बोलावलं. त्याने अक्षरं लावत लावत मोठ्याने वाचलं आणि गोंधळून म्हणाला, “सार, ही तमिळ नाही.” नव्हतीच. लिपी त्याची होती आणि भाषा माझी. त्याला वाचता येत होतं, मला समजत होतं. तो पुन्हा वाचायला लागला: “अस्के दहा अहेत. नोंद घे.”

मी इतका हसलो की रांगेतले लोक उठून बघायला लागले. नियमाने त्या कागदाला काडीचीही किंमत नव्हती. पेन्शन थांबली. मी अण्णाकडे निरोप ठेवला, एकदा येऊन जा, हवं तर फॉर्मसाठी मी वर भांडतो. उलट निरोप आला: थांबलेली पेन्शन हजर झाल्यावर देतात कीं, मग असूं दे. मला तिचा राग आला आणि हेवाही वाटला. कागद मी खणात ठेवला आणि वर्षभर, कंटाळा आला की काढून बघत राहिलो.

त्याच्या पुढच्या नोव्हेंबरातही पाकीट आलं. मी गार्डला हाक मारतच ते फोडलं. तोच जांभळा रंग, तीच दहा बोटं. पण या वेळी प्रत्येक बोटाची रेघन् रेघ उमटली होती. चक्रं, शंख, सगळं स्वच्छ. आमच्या मशीनने पहिल्या फटक्यात हिरवा दिवा दिला असता.

गार्डने खालची ओळ वाचली, “आतां तुझें डबडें ओळखील.” त्याला शब्द कळले नाहीत तरी सवयीने तो हसला. मी हसलो नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कोवलमची बस पकडली. अण्णा झापांच्या सावलीत जाळं घेऊन बसला होता. बाजूला ओंडके सोडून वाळत घातले होते आणि शीड घडी करून त्यावर ठेवलं होतं. वरच्या घडीवर बाळाचा एक कान दिसत होता.

त्याने मला तुटक तुटक सांगितलं. काजूच्या बागेत ती पडली. कंबर गेली. बरोबर कापणीला येणाऱ्या एका बाईने तिला वेदारण्यमजवळच्या आपल्या घरी नेलं. त्या लोकांनी तिला तांदूळ निवडायलासुद्धा दिले नाहीत, रोज हाताला तेल चोळत होते.

“मला कोणी कळवलं का नाही?” मी विचारलं.

“तिने नको म्हटलं. तू येऊन तिला बसवून ठेवशील म्हणाली.”

मी म्हटलं, शनिवारी जातो, गाडी करून घेऊन येतो, बँकेत आणायची गरज नाही, मीच तिकडे मशीन नेतो. अण्णा जाळ्याची गाठ सोडवत राहिला. मग म्हणाला, “पंधरा दिवस झाले, सार. पाकीट तिने आधीच करून ठेवलं होतं. महिना लागला की टपालात टाका म्हणून सांगितलं होतं.”

मी तिथेच वाळूत बसलो आणि रडलो. ज्या रेघा यायला लागल्या म्हणून मी एके काळी स्वतःची पाठ थोपटली होती, त्या खिशातल्या कागदावर होत्या आणि मला तो कागद बाहेर काढवेना. अण्णाने मला रडू दिलं. नंतर चहा दिला.

बँकेत कॉम्प्युटरवर शेवटची नोंद मलाच करावी लागली. तिथे एक चौकोन असतो, त्यात खूण करायची. दुसरा कागद मी तिच्या फाइलला दुहेरी टाका घालून लावला, पान क्रमांक घातला. पहिला कागद मात्र कार्यालयाला दिला नाही. दहा गोल डागांचा तो कागद माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे.

परवा रांगेतले एक आजोबा वाकून तो बघत होते. चष्मा वर-खाली करून त्यांनी विचारलं, “शाई सांडली का, सार?”

“नाही, बोटं आहेत.”

“बारीक आहेत. कोणा बाईची?”

“बाई नव्हे,” मी म्हणालो. “पेन्शनर.”